नावेला ब्रेक

वाचकहो, वऱ्हाडात समुद्र नाही हे आपणांस प्राथमिक शाळेच्या भूगोलापासून ठाऊक आहे. नसेल ठाऊक, तर आमच्याकडे उन्हाळ्यात येणारे मुंबईचे पाहुणे दिवसातून तीनदा ते बोलून दाखवतात. तेव्हा एका हाताने चिवडा खात दुसऱ्या हाताने दिवाळी अंकाची पाने उलटणाऱ्या वाचकांपुढे अमरावतीच्या एका मराठीच्या मास्तराने नावेची गोष्ट घेऊन यावे, आणि तीही पाण्यातल्या नव्हे तर रस्त्यावरच्या नावेची, हे थोडे चमत्कारिक वाटेल. पण या सदराचा शिरस्ता असा की, घरात जे घडले तेच सांगायचे. आणि यंदा श्रावणापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात ब्रेक या एका विषयावाचून दुसरे काही घडलेच नाही.

सुरुवात झाली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. शेजारची चिल्लीपिल्ली आपापले लाकडी बैल घेऊन आमच्या ओसरीवर जमली होती. या बैलांना चाके असतात. एकाचा बैल फाटकाच्या उतारावरून जो सुटला, तो थेट रस्त्यात उभ्या असलेल्या एका तरुणाच्या पायाशी जाऊन थांबला. त्याने तो उचलला, धूळ पुसली, मालकाच्या हवाली केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "वळखलं का सर? मांगच्या बाकावरचा."

मास्तरांना मागच्या बाकावरचीच मुले अधिक लक्षात राहतात. मी त्याला तत्काळ ओळखले. बी.ए.ला असताना हा गृहस्थ निबंधाच्या वहीत ट्रॅक्टरची चित्रे काढीत असे. आता अकोला जिल्ह्यातल्या आपल्या गावी त्याचे वेल्डिंगचे दुकान आहे. शिवाय गावातल्या दहा-बारा पोरांना घेऊन त्याने पुरात, नदीत, विहिरीत अडकलेल्यांना काढणारे एक पथक उभे केले आहे. २०२१ च्या जुलैत मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा ही पोरे दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबा घेऊन धावली होती. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला आमच्या अमरावती जिल्ह्यात, वरुड तालुक्यातल्या झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. त्यानंतर या पोरांनी ठरवले की, ट्यूबांवर भागणार नाही, आपली स्वतःची नाव पाहिजे. वर्गणी गोळा केली, नाव घेतली, आणि ती वाहून न्यायला जुन्या सामानातून दोन चाकांचा एक गाडा बांधला. जीपच्या मागे अडकवायचा आणि निघायचे.

"सर, एक अर्ज लिहून पाह्यजे होता," चहाची बशी खाली ठेवीत तो म्हणाला.

"कशाचा?"

"बोटीले ब्रेक लावाचा हाये. वर्गणीसाठी अर्ज."

आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "नावेला ब्रेक? पाण्यात?"

"पान्यात नाही काकू, रोडवर. बोटीच्या गाड्याले."

मग त्याने सांगितले ते ऐकून सौ. हातातले लाटणे घेऊनच बाहेर येऊन बसल्या. अकोल्याची कावडयात्रा पुष्कळांना माहीत असेल. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारसाठी भक्तमंडळी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरतात आणि रात्रभर अनवाणी चालत, सतरा-अठरा किलोमीटरवरच्या अकोल्यात राजराजेश्वराला आणून घालतात. नदीवर एवढी गर्दी, म्हणून काठावर नाव तयार ठेवावी या विचाराने हा जीप घेऊन निघाला. नदीकडे उतरणारी वाट पावसाने निसरडी झालेली. समोर कावड घेतलेली पोरे आडवी आली. याने ब्रेक दाबला. जीपने वेग सोडला, पण मागच्या गाड्याने सोडला नाही.

"रेडा मांगून ढुशी मारते ना सर, तसा मारला त्यानं. म्या ब्रेक दाबतो अन् थो जीपले पुढं लोटते. मंग गाडा बाजूनं आडवा व्हाले लागला. कावडीच्या घागरी अन् बंपर यायच्यात एक हात जागा राह्यली. एक हात!"

त्याने हात पसरून दाखवला. तो हात थरथरत होता. महादेवाच्या गजरात कोणाच्या लक्षातही आले नव्हते. कावड पुढे गेली. हा मात्र तासभर जीपमध्येच बसून राहिला. बुडणाऱ्याला वाचवायला निघालेल्या गाडीखाली चालणारी माणसे आली असती, हा विचार त्याच्या मनातून जाईना.

आमची कन्या अकरावीला, शास्त्र शाखेत आहे. तिने तिथेच गणित मांडायला घेतले. माणसांसकट जीप दोन हजार किलो धरली. नाव, इंजिन, पेट्रोलचे डबे, दोर, लाइफ जॅकेटे आणि खुद्द गाडा मिळून एक हजार. ब्रेक फक्त जीपला. म्हणजे दोन हजार किलोसाठी केलेल्या ब्रेकला तीन हजार किलो थांबवायचे. अर्थात थांबायला अंतर दीडपट लागणार. ताशी साठ किलोमीटर वेगात कोरड्या रस्त्यावर एकटी जीप तेवीस मीटरांत थांबत असेल, तर गाड्यासकट तिला जवळजवळ पस्तीस मीटर लागतील. त्याआधी धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर तेवढ्यात सतरा मीटर निघून जातात ते निराळेच. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि उतार बारास एक असेल, तर हजार किलोचा गाडा ब्रेक लावो न लावो, सारखा ऐंशी-त्र्याऐंशी किलोचा रेटा देतच राहतो.

"आणि हे सगळं गाडा सरळ मागे राहिला तर," ती म्हणाली. "ढकलता ढकलता तो तिरपा झाला, तर जीपची मागची बाजूच फिरवून टाकेल."

"तसंच व्हाले लागलं होतं ना, ताई!" तो म्हणाला.

इतका वेळ कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आमचे बाबा डोळे मिटून पडले होते. वय ऐंशीच्या पुढे. सारा जन्म दर्यापूर तालुक्यात शेती करण्यात गेला. त्यांना झोप लागली आहे असे आम्ही समजत होतो. त्यांनी डोळे न उघडताच विचारले, "बंडी कोनाची व्हय?"

कोणी काही बोलले नाही. घरात मला आणि बाबांनाच ठाऊक असलेली ती गोष्ट त्या दिवशी प्रथमच सौ. आणि मुलीपुढे निघाली. ती सांगितल्यावाचून पुढचे कळणार नाही.

गोष्ट १९८९ ची. मी अकरा वर्षांचा होतो. त्या काळी आमच्याकडचा कापूस राज्य सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेत द्यावा लागे. १९७२ साली सुरू झालेली ती योजना आता इतिहासजमा झाली. पण तेव्हा केंद्रावर बंड्यांची रांग लागे आणि नंबर लागेपर्यंत रात्री तिथेच काढाव्या लागत. बाबांची बंडी जुन्या पद्धतीची, लाकडी चाकांना लोखंडी धाव बसवलेली. तिला वंगण किती घातले तरी ती कुरकुरायचीच. त्या वर्षी बाबांनी हौसेने तिचा कणा बदलला, बेअरिंग बसवले आणि जुन्या मोटारीचे टायर चढवले. सारा गाव पाहायला आला. एका माणसाने ढकलली तर रिकामी बंडी चालू लागे! ढवळ्या आणि मोऱ्या, दोघेही बैल त्या दिवशी मान हलकी टाकून चालले. "बैलाचे कष्ट वाचले" असे बाबा जो भेटेल त्याला सांगत होते.

वाचकहो, त्यांचे चुकले नव्हते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या काळात बैलगाडीच्या सुधारणेसाठी देशभर मोहीम चालवली. गाडी नीट फिरली, जू नीट बसले, तर मुक्या जनावराचे हाल कमी होतील हाच त्यांचा ध्यास होता. पण जुन्या बंडीची जी कुरकुर आम्हांला दोष वाटत होती, तिच्यात एक गुण लपलेला होता. चाक आणि कणा यांचे घासणे, धावेचे मातीत रुतणे, हाच त्या बंडीचा ब्रेक होता. चढावर ते बैलाचे वैरी असे, उतारावर मित्र. बाबांनी वैरी काढला, त्याबरोबर मित्रही गेला.

गावाबाहेरच्या नाल्याचा उतार दहास एक तरी असेल. बंडीत आठ क्विंटल कापूस. बंडीसकट अकराशे किलो. आज मुलीने सांगितले की, तो भार त्या उतारावर एकशे दहा किलोच्या जोराने पुढे लोटत असणार. बैल ओढतो तेव्हा वशिंडापुढच्या मानेने ओढतो. बंडी मागून लोटू लागली की जू मानेवरून घसरून शिंगांच्या मुळाशी येते, आणि सगळा रेटा डोक्यावर आणि पुढच्या पायांवर येतो. ढवळ्याने तो पेलला. मोऱ्याचा पाय खडकावर घसरला, गुडघा दुमडला, आणि बंडी त्याच्यावर चढली. मी वर कापसाच्या ढिगावर बसलो होतो. हाड मोडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाबांनी मोऱ्याला बाजार दाखवला नाही. तीन पायांवर तो आणखी चार वर्षे गोठ्यात उभा राहिला. दर पोळ्याला बाबा त्याला आधी धूत, आधी रंगवत, आधी पुरणपोळी देत; मग ढवळ्याला. आणि मोऱ्या जायबंदी झाला त्याच आठवड्यात त्यांनी बंडीच्या चाकांमागे एक आडवे लाकूड टांगले. बसल्या जागेवरून दोर ओढला की ते दोन्ही टायरांवर घासे. पुढे गावात जो कोणी बंडीला टायर लावी, त्याच्याकडे बाबा न बोलावता जात आणि लाकूड लावायला सांगत. लोक हसत. काही जण लावत.

"गाडी चालवाले दोन होते," आरामखुर्चीतून बाबा म्हणाले, "थांबवाले कोनी नोता. म्या चालवाचाच इचार केला."

माझा विद्यार्थी उठला आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसला. "आबाजी, मले लावून द्याचा हाये," तो म्हणाला. त्या दिवसापासून नावेच्या ब्रेकचे मुख्य सल्लागार आमचे बाबा झाले.

दोन आठवड्यांनी बाबांच्या हट्टापायी त्यांना घेऊन मी अकोल्याला एका मिस्त्रीच्या कारखान्यात गेलो. मिस्त्री साठीचा, हाताला ग्रीस, कानावर पेन्सिल. त्याने आधी मलाच एक भाषिक धक्का दिला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या व्याख्येप्रमाणे गाडीमागे जोडायचा ट्रेलर हेही मोटार वाहनच! ज्याला मोटार नाही तेही मोटार वाहन. मी शब्दार्थ शिकवण्यात वीस वर्षे घालवली, पण असा बहुव्रीही मला सापडला नव्हता. मिस्त्रीचे म्हणणे मात्र साधे होते: गाड्याची नोंदणी हवी, आणि त्यात काही बदल करायचा तर परिवहन कार्यालयाला विचारल्याशिवाय करायचा नाही.

मग त्याने ब्रेकची योजना समजावून दिली. ती इतकी सुरेख आहे की, सांगितल्यावाचून राहवत नाही. जीप आणि गाडा यांना जोडणारा दांडा एकसंध ठेवायचा नाही. एका नळीत दुसरी नळी, अशी तो थोडा आतबाहेर सरकेल अशी बांधणी करायची. जीपने वेग कमी केला की गाडा सवयीप्रमाणे पुढे लोटणार. त्याने लोटले की नळी आत सरकणार. ती सरकली की तिच्या टोकाशी असलेला दट्ट्या तेलावर दाब देणार, आणि ते तेल बारीक नळ्यांतून जाऊन गाड्याच्या दोन्ही चाकांचे ब्रेक आवळणार. गाडा जितका जोरात लोटेल तितका त्याचा स्वतःचाच ब्रेक घट्ट बसेल. म्हणजे ढुशी मारणाऱ्या रेड्याची वेसण त्याच्याच शिंगाला बांधायची! मला ही कल्पना एखाद्या उत्तम सुभाषितासारखी वाटली. ज्या दोषाने घात होतो, त्याच दोषाकडून पहारा करून घ्यायचा.

विजेवर चालणारे ब्रेकही असतात. पण नाव उतरवायला गाड्याची चाके पाण्यात घालावी लागतात, आणि वीज व पाणी यांचे सख्य नाही. म्हणून नावेच्या गाड्याला हा तेलाचा ब्रेक बरा, असे मिस्त्रीचे मत.

"दुसरी गोष्ट," मिस्त्री म्हणाला, "जोडच निसटला तर?" जोड निसटला तर गाडा जीपला लोटणार नाही, आणि लोटला नाही म्हणजे ब्रेकही लागणार नाही. म्हणून दोन उपाय. दांड्याखाली दोन साखळ्या, फुलीसारख्या एकमेकींवरून नेलेल्या, म्हणजे दांडा निसटला तरी जमिनीवर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडतो. आणि शिवाय जीपला बांधलेली एक बारीक तार: गाडा सुटून मागे राहू लागला की ही तार ताणली जाते आणि तुटण्यापूर्वी ब्रेक ओढून ठेवते.

हे ऐकताना मला रेल्वेच्या इतिहासातला एक दिवस आठवला. १२ जून १८८९. आयर्लंडमध्ये आर्मा गावाहून रविवारच्या शाळेची मुले सहलीला निघाली होती. गाडी जड झाली आणि चढावर थांबली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यावा असे ठरले. मागचे डबे सोडवले. गाडीला ब्रेक होता. पण तो असा की, डबे इंजिनापासून सुटले की ब्रेकही सुटे. उरला शेवटच्या डब्यातला हातब्रेक, आणि चाकांखाली ठेवलेले दगड. आपल्याकडे घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर ठेवतो तसे. इंजिनाचा किंचित धक्का बसला, दगड चुरले, डबे उलटे धावत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ऐंशी माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या ब्रेकचे पेटंट १८६९ सालीच घेतले होते, आणि पुढच्या काही वर्षांत नळी तुटताच आपोआप लागणारा ब्रेकही तयार केला होता. म्हणजे उपाय ठाऊक होता. कायदा मात्र आर्माच्या अपघातानंतर, त्याच वर्षी झाला. त्याने ब्रिटनमधल्या प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. ब्रेकच्या इतिहासात हे वारंवार दिसते. आधी मोऱ्या पडतो, मग लाकूड टांगले जाते.

मिस्त्रीचे बोलणे संपले. बाबा काठी टेकून दांड्याजवळ गेले, त्यांनी नळी आतबाहेर करून पाहिली आणि विचारले, "मांगं सरकाले कसं करता?"

कारखान्यात एकदम शांतता झाली. प्रश्न बरोबर मर्मावर होता. नाव पाण्यात सोडायची तर जीप उलटी घेत गाडा आधी पाण्यात ढकलावा लागतो. पण जीपने मागे लोटले काय नि गाड्याने पुढे लोटले काय, नळी आतच सरकणार. म्हणजे नाव पाण्यात न्यायला निघावे, तो ब्रेक लागून गाडा जागच्या जागी! ज्याने चाळीस वर्षे बंडी उलटी सरकवून गोठ्यात लावली, त्याच्याच लक्षात हे यायचे.

"आबाजी, तुमी मिस्त्री व्हाले पाह्यजे होते," मिस्त्री हसून म्हणाला. त्याच्याकडे उत्तर होते: मागे घेताना दांड्यात एक खिळा घालायचा, म्हणजे नळी सरकत नाही. जीपच्या मागच्या दिव्याबरोबर ही अडसर आपोआप पडेल अशी सोय असते, पण ती महाग, आणि पुन्हा तिथे वीज आणि पाणी. म्हणून खिळाच बरा.

"अन् खिळा काढाले इसरलो तं?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले.

"तर ब्रेक असून नसल्यासारखा."

मध्यरात्री, पुरात, पावसात, कोणाचे तरी मूल हाती लागलेले किंवा न लागलेले. अशा वेळी परतताना खिळा काढायचे कोणाला आठवणार? आम्ही तो प्रश्न तसाच घेऊन अमरावतीला परतलो. रात्री जेवताना मी तो सहज सौ.ना सांगितला. त्यांनी वाढता वाढता उत्तर दिले.

"मी कुकरची शिट्टी कुठे ठेवते?"

"तांदळाच्या डब्यात."

"का?"

मी वीस वर्षांत हा प्रश्न कधी विचारला नव्हता. "धुताना काढलेली शिट्टी इकडे तिकडे राहते. तांदळात ठेवली की तांदूळ घेताना हाताला लागतेच. तुमच्या खिळ्याला दुसरं काहीतरी काम द्या. ते काम केल्याशिवाय गाडी निघताच कामा नये."

तेच झाले. नाव रस्त्यावर असताना तिच्या मागच्या बाजूला एक पट्टा आवळावा लागतो, नाहीतर ती हिसक्याने उडते. नदीवर पोचल्यावर, गाडा पाण्यात ढकलण्याआधी, तो पट्टा सोडावाच लागतो. त्या पट्ट्याच्या आकड्यात जो खिळा बसतो, तोच आता दांड्यात बसतो. खिळा एकच. पट्ट्यातून काढला की दांड्यात. आणि परतताना पट्टा आवळायचा तर दांड्यातून काढल्यावाचून गत्यंतर नाही. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. सौ.चे नाव मात्र त्याने अजून "कुकरवाल्या बाई" असेच ठेवले आहे.

आणखी एक अडचण आमच्या मुलखाची. पाण्यातून काढलेले ब्रेक स्वच्छ गोड्या पाण्याने धुवावे लागतात, नाहीतर आतल्या स्प्रिंगा गंजतात. समुद्रकाठच्यांना हे ठाऊकच असते. आम्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. पण पूर्णेच्या दोन्ही अंगांना आमचा खारपाण पट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात घालवत नाही. त्या पाण्याने ब्रेक धुणे म्हणजे मिठाने जखम धुणे. तेव्हा पथकाच्या पोरांनी ब्रेकसाठी पावसाचे पाणी साठवायला एक टाकी ठेवली. आणि मिस्त्रीची शेवटची ताकीद: लांबून धावत आलेला गाडा लगेच पाण्यात घालायचा नाही. चाकांचे बेअरिंग तापलेले असते. थंड पाणी लागताच आतली हवा आकसते आणि ते पाणी आत ओढून घेते. बुडणारा वाट पाहत नाही हे खरे. पण निदान सरावाच्या दिवशी तरी पंधरा मिनिटे थांबायला शिका.

आता राहिला अर्ज. तो माझ्या विषयाचा. आणि इथेच मी हरलो. मी झकास अर्ज लिहिला. पण माझा विद्यार्थी तो घेऊन आठ दिवस फिरला आणि हात हलवीत परत आला. नावेसाठी वर्गणी मागितली तेव्हा देणगीदार धावून आले होते. कारण नावेवर नाव घालता येते. नावेच्या दोन्ही अंगांवर तांबड्या रंगात नावेच नावे आहेत. पण ब्रेकवर नाव कुठे घालणार? तो चाकाच्या पोटात असतो. चांगला चालला तर काहीच घडत नाही; आणि जे घडले नाही, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. एका सद्गृहस्थाने तर स्पष्ट विचारले, "बोट चालवाची का थांबवाची?"

मी अर्ज पुन्हा लिहिला. सारी विशेषणे काढली. एकच गोष्ट लिहिली: गांधीग्रामच्या वाटेवरचे ते एक हात अंतर. हळूहळू पैसे येऊ लागले. कुणी शंभर, कुणी पाचशे. कावडीतल्या पोरांनीच एका सायंकाळी डबा फिरवून सात हजार जमवले. त्यांना तेव्हा कळले की, त्या रात्री आपल्या मागे काय आले होते. तरी नवरात्र संपले तेव्हा तीन हजार कमी पडत होते.

दसऱ्याला माझा विद्यार्थी सोने द्यायला आला. बाबांनी त्याला आपट्याची पाने दिली, आणि उशीखालून एक पाकीट काढून त्याच्या हातावर ठेवले. त्यात मोजून तीन हजार होते. औषधांच्या पैशांतून त्यांनी ते कसे साठवले, हे आम्ही विचारले नाही. पोराने खिशातून पावतीपुस्तक काढले. तो हिशेबाचा पक्का आहे.

"आबाजी, पावती तुमच्याच नावानं फाडू ना?"

बाबांनी मान हलवली. थोडा वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

"मोऱ्याच्या नावानं फाड," ते म्हणाले.

पोराने वर पाहिले नाही. मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या विद्यार्थ्याने, मी कधीही शिकवू शकलो नसतो इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिले: श्री. मोऱ्या, रुपये तीन हजार फक्त.

परवा गावाबाहेरच्या उतारावर गाड्याची चाचणी झाली. आम्ही सारे गेलो होतो. बाबा जीपमध्ये पुढे बसले. उतार संपताना त्याने ब्रेक दाबला. दांड्याची नळी बोटभर आत सरकली, मागून ढुशी आली नाही, आणि जीप व नाव दोघी एकदमच थांबल्या. पाहण्यासारखे काहीच घडले नाही. बाबा खाली उतरले, काठी टेकत गाड्यामागे गेले, आणि बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी चाकावर एक थाप मारून म्हणाले, "चाल, घरी जाऊ."

वाचकहो, या दिवाळीत आपणांपैकी कितीतरी जण गाड्या जुंपून गावी, माहेरी, घाटावर जाल. दिवाळीच्या शुभेच्छा देताना "प्रगती होवो, पुढे जा" असे म्हणण्याची रीत आहे. ती मी मोडीत नाही. फक्त तिच्या शेवटी आमच्या बाबांच्या वतीने तीन शब्द जोडतो: वेळेवर थांबता येवो.